लोकलचा प्रवास आणि लघवी : पाणी न पिणे हा उपाय नाही

डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस साधारण ४८ किलोमीटर, कल्याणहून आणखी पाच-सहा किलोमीटर जास्त. जलद गाडी मिळाली तर तासाभरापेक्षा थोडा अधिक वेळ, धीम्या गाडीत त्याहून बराच. टिटवाळा, बदलापूरकडून येणाऱ्यांचा प्रवास आणखी लांब, आणि कसाऱ्याहून थेट मुंबईला येणाऱ्यांचे अडीच तास गाडीतच जातात. उपनगरी लोकलच्या कोणत्याही डब्यात स्वच्छतागृह नसते. त्यात घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा, फलाटावरचे थांबणे आणि उतरल्यावरची बस किंवा मेट्रो धरली तर घराचे दार ते कार्यालयाचे दार हा हिशेब सहज दोन तासांवर जातो.

यावर बहुतेक प्रवाशांनी, विशेषतः महिलांनी, एक सोपा उपाय शोधलेला असतो : सकाळी फक्त चहा घ्यायचा, पाणी कार्यालयात पोहोचल्यावर बघू. कार्यालयातले स्वच्छतागृह बरे नसेल तर तिथेही बेतानेच. संध्याकाळी निघण्याआधी दोन तास पाणी बंद. अशा रीतीने दिवसभरात जेमतेम एखादी बाटली पोटात जाते. डॉक्टरांकडे जळजळ, वारंवार लघवी, पाठीत कळ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना दिवसभराचे पाणी विचारले की पुष्कळदा हेच वेळापत्रक समोर येते. हा उपाय समजण्यासारखा आहे, पण शरीराच्या दृष्टीने उलटा आहे. तो का उलटा आहे आणि त्याऐवजी काय करता येते, हे समजण्यासाठी लघवी कशी तयार होते ते आधी पाहू.

मूत्रपिंडाचे काम

तुमच्या कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे दर मिनिटाला लिटरभर रक्त, त्यांच्यातून फिरते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्या मिळून जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात. एवढी लघवी अर्थातच होत नाही, कारण गाळलेल्यापैकी ९९ टक्के पाणी पुढच्या नलिकांमधून रक्तात परत घेतले जाते. उरते ते दीड-दोन लिटर. त्यात युरिया, जादा क्षार आणि औषधांचे अवशेष विरघळलेले असतात.

किती पाणी परत घ्यायचे हे मेंदू ठरवतो. पाणी कमी पडले, घाम जास्त गेला, की रक्त किंचित घट्ट होते. मेंदूला ते लगेच कळते आणि व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडले जाते. त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंड आणखी पाणी वाचवते आणि लघवी थोडी, गडद आणि उग्र वासाची होते. ही बचत फार कार्यक्षम आहे, पण तिला मर्यादा आहे. रोजचा टाकाऊ माल बाहेर न्यायला निरोगी माणसालाही किमान ४०० ते ५०० मिलीलिटर लघवी लागतेच. तुम्ही पाणी प्या अगर पिऊ नका, तेवढी लघवी होणारच. म्हणजे पाणी न पिऊन लघवी टळत नाही, फक्त घट्ट होते. आणि घट्ट लघवी मूत्राशयाच्या अस्तराला टोचते, त्यामुळे थोडीशी साठली तरी घाई वाटू शकते. ज्या त्रासापासून सुटका हवी होती, तोच असा दुसऱ्या वाटेने परत येतो.

मूत्राशय भरते कसे

मूत्रपिंडातून २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या दोन नळ्या खाली मूत्राशयात उतरतात. लघवी त्यांतून नुसती ओघळत नाही, नळीचे स्नायू आकुंचन पावून तिला थोडी थोडी पुढे ढकलतात. या नळ्या मूत्राशयाच्या भिंतीत तिरक्या शिरतात. मूत्राशय भरले की भिंतीचा दाब पडून नळीचे तोंड आपोआप मिटते. त्यामुळे 'लघवी दाबली की ती उलटी मूत्रपिंडात जाते' ही भीती निरोगी प्रौढ माणसाच्या बाबतीत खरी नसते. काही मुलांमध्ये ही झडप जन्मतः कमजोर असते. मुलाला तापासह लघवीचा संसर्ग वारंवार होत असेल तर डॉक्टर त्या दिशेने तपास करतात.

मूत्राशय ही स्नायूची पिशवी आहे. त्यात दीडशे ते दोनशे मिलीलिटर साठले की पहिली जाणीव होते. ही जाणीव म्हणजे 'भरायला सुरुवात झाली' असा निरोप असतो, 'आता जायलाच हवे' असा हुकूम नव्हे. बहुतेक प्रौढांचे मूत्राशय ४०० ते ५०० मिलीलिटर आरामात सांभाळते. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाकडचा मज्जारज्जू मूत्राशय रिकामे करायला उत्सुक असतो, मेंदूचा पुढचा भाग त्याला 'थांब, जागा योग्य नाही' असे सांगत असतो. लहान बाळात हा वरचा लगाम अजून तयार झालेला नसतो, म्हणून ते कुठेही लघवी करते. बाहेर जाण्याच्या वाटेवर दोन दारे आहेत : आतले आपल्या इच्छेबाहेरचे आणि बाहेरचे आपल्या ताब्यातले. गर्दीच्या डब्यात मुंब्रा ते ठाणे तुम्ही ज्याच्या जोरावर काढता, ते हे बाहेरचे दार आणि त्याला आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू.

आता साधे गणित करा. दिवसभरात दीड ते दोन लिटर लघवी, म्हणजे तासाला ६० ते ८० मिलीलिटर. घरून निघताना मूत्राशय पूर्ण रिकामे केले असेल तर दोन तासांत १२० ते १६० मिलीलिटर साठेल. एवढ्यात अनेकांना पहिली जाणीवही होत नाही. म्हणजे नेहमीचा प्रवास, पुरेसे पाणी पिणाऱ्या निरोगी माणसालाही, शरीराच्या क्षमतेत बसणारा आहे.

मग त्रास का होतो? बऱ्याचदा वेळेमुळे. अर्धा-पाऊण लिटर पाणी एका दमात प्यायलात तर व्हॅसोप्रेसिन खाली जाते आणि मूत्रपिंड ते जादा पाणी झपाट्याने बाहेर काढू लागते. हा जोर साधारण तासाभराने सर्वाधिक असतो आणि दोन-तीन तासांत ओसरतो. सव्वासातला दाराबाहेर पडताना 'निघण्याआधी भरपूर पिऊन घेऊ' म्हणून तांब्याभर पाणी घशाखाली घातले, तर त्याची लघवी बरोबर घाटकोपर-कुर्ल्याच्या सुमारास दार ठोठावणार. एकदा असा अनुभव आला की माणूस पाण्यालाच दोष देतो.

त्यापेक्षा उठल्या उठल्या, म्हणजे निघण्याच्या तास-सव्वा तास आधी, दोन पेले पाणी प्या. अंघोळ, डबा, आवराआवर होईपर्यंत त्याचा बराच भाग मूत्राशयात उतरलेला असतो. तो निघण्यापूर्वी अगदी शेवटी, चपला घालण्याआधी, रिकामा करा. गाडीत बाटली जवळ ठेवा आणि तहान लागेल तसे घोट-घोट प्या. असे पाणी शरीर बरेचसे वापरून टाकते, मे महिन्यात तर ते घामातूनच जाते. कार्यालयात पोहोचल्यावर लघवीला जा आणि मग निर्धास्त प्या. दुपारी साडेचारपर्यंत दिवसाचा मोठा वाटा पोटात गेलेला असावा. संध्याकाळी निघण्याआधीच्या दीड तासात फक्त घोट घ्या, निघताना पुन्हा मूत्राशय रिकामे करा आणि घरी आल्यावर उरलेले पाणी प्या. साठीच्या पुढच्यांनी मात्र रात्री झोपण्याच्या तोंडावर फार पिऊ नये, नाहीतर झोपमोड होते.

चहा-कॉफीबद्दल नेहमी विचारले जाते. रोज पिणाऱ्या माणसाच्या शरीरातले पाणी चहाने आटत नाही, ते पाण्याच्या हिशेबात धरायला हरकत नाही. पण कॅफिन काहींच्या मूत्राशयाला चाळवते. तुम्ही त्यांपैकी असाल तर निघतानाचा दुसरा कप सोडा, पाणी सोडू नका.

'उन्हाळी लागली'

एप्रिल-मे आला की आपल्याकडे घरोघरी हा शब्द ऐकू येतो. लघवी करताना जळजळ, थोडी थोडी, पुन्हा पुन्हा. घरात सब्जा, धण्याचे पाणी, कोकम सरबत सुरू होते. यात गैर काही नाही. नुसती घट्ट लघवी हे कारण असेल तर एवढ्याने चोवीस तासांत आराम पडतो. याचे श्रेय सब्जाला द्यायचे की त्याबरोबर गेलेल्या तीन पेले पाण्याला, हा वाद मी घालणार नाही.

पण जळजळ म्हणजे दरवेळी उष्णता नव्हे. मूत्रमार्गाचा संसर्ग अगदी असाच सुरू होतो. बाईच्या मूत्रमार्गाची लांबी जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाच्या मूत्रमार्गाची १८ ते २० सेंटिमीटर. त्यामुळे जंतूंचा मूत्राशयापर्यंतचा रस्ता बायकांमध्ये फार छोटा असतो. साध्या संसर्गांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक ई. कोलाय या जंतूमुळे होतात आणि तो आपल्याच आतड्यातला रहिवासी असतो. म्हणूनच शौचानंतरची स्वच्छता पुढून मागे करावी असे सांगतात.

शरीराकडे याविरुद्धचे सर्वांत सोपे हत्यार आहे लघवीचा प्रवाह. वर चढू पाहणारे जंतू दर तीन-चार तासांनी धुऊन निघतात. तुम्ही पाणी कमी पिता आणि सात-आठ तास जात नाही, तेव्हा मूत्राशयातल्या जंतूंना वाढायला तेवढाच निवांत वेळ मिळतो. हा केवळ तर्क नाही. २०१८ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात बल्गेरियातील १४० महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्या जणी दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, उरलेल्या निम्म्यांना ३.२ वेळा. प्रतिजैविकाशिवाय, फक्त पाण्याने पडलेला हा फरक आहे.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायलाच हवे. 'स्टेशनच्या संडासात गेले की इन्फेक्शन होते' या भीतीने किती तरी मुली कॉलेजचा पूर्ण दिवस लघवी दाबून काढतात. मूत्रमार्गाचे जंतू बसण्याच्या जागेवरून उडी मारून मूत्राशयात जात नाहीत. घाण स्वच्छतागृह किळसवाणे असते, संतापजनकही असते, आणि स्वच्छ जागा मिळणे हा तुमचा हक्कच आहे. पण तिथे न गेल्याने होणारा अपाय तिथे जाण्याच्या अपायापेक्षा मोठा आहे. कमोडवर न टेकता अधांतरी उभे राहून लघवी करू नका. त्या अवस्थेत ओटीपोटाचे स्नायू ताणलेले राहतात आणि मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. टिश्यू पेपर अंथरा आणि नीट बसा, किंवा भारतीय पद्धतीचे भांडे निवडा. त्यात उकिडवे बसल्याने अंग टेकत नाही आणि स्नायूही सैलावतात. धार थांबल्यावर पाच-दहा सेकंद थांबून, किंचित पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करा, राहिलेली लघवी येते. आपल्या रोजच्या वाटेवर, ठाणे असो, दादर असो, बरे स्वच्छतागृह कोणत्या फलाटावर आहे हे गरज पडण्याआधीच पाहून ठेवा.

खडा

कमी पाण्याचा दुसरा परिणाम सावकाश होतो. घट्ट लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकत्र येऊन स्फटिक धरतात, स्फटिकाला स्फटिक चिकटून खडा होतो. आपल्या दमट हवेत घामावाटे खूप पाणी जाते. डोंबिवली एमआयडीसीत बॉयलरजवळ काम करणारे कामगार, उन्हात रिक्षा चालवणारे आणि चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस यांना तर हा धोका लोकलच्या प्रवाशापेक्षाही जास्त. खडा नळीत अडकला की कुशीतून जांघेकडे जाणारी, लाटेसारखी येणारी कळ उठते. माणूस एका जागी बसू शकत नाही.

एकदा खडा होऊन गेला असेल तर पाण्याचे महत्त्व दुप्पट. इटलीतील १९९ रुग्णांवर पाच वर्षे चाललेला आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की दिवसाला दोन लिटर किंवा अधिक लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, न पिणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. खडा झालेले लोक टोमॅटोच्या बिया काढत बसतात, पण टोमॅटोत ऑक्झलेट फारसे नसते. पालक आणि अळू यांत ते भरपूर असते. अळूने घसा खवखवतो तो याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. दूध-दही बंद करू नका. जेवणातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच पकडून ठेवते, ते रक्तात जाऊ देत नाही. कमी करायचे ते मीठ : लोणचे, पापड, फरसाण, संध्याकाळच्या भुकेला स्टेशनबाहेर घेतलेले चटपटीत पुडे. लिंबूपाणी चांगले, त्यातले सायट्रेट खडा धरू देत नाही. त्यात मीठ-साखर बेताची.

चावी कुलपात घालताना येणारी घाई

गाडीत काही वाटले नाही, रिक्षाच्या रांगेतही नाही, पण घराचे दार दिसले की एक सेकंद थांबवत नाही, असे अनेकांचे होते. मूत्राशय त्या एका मिनिटात भरलेले नसते. 'दार उघडले की लघवी' ही जोडी मेंदूने रोजच्या सरावाने पक्की केलेली असते, म्हणून कुलूप दिसताच लगाम सुटतो. अशा वेळी धावू नका. जागीच उभे राहा, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाच-सहा वेळा पटपट आवळा-सोडा, एक दीर्घ श्वास घ्या. घाईची लाट ओसरते, मग शांतपणे चालत जा. हेच तंत्र गाडीतही कामाला येते. गरज नसताना 'असू दे' म्हणून दर अर्ध्या तासाला जाण्याची सवयही सोडा, तिने मूत्राशयाची सहनशक्ती कमी होते. दिवसभरात सहा ते आठ वेळा हे प्रमाण सर्वसाधारण समजले जाते.

पावसाळ्यात गाडी रुळावर अडकून पडली तर? २६ जुलै २००५ ला हजारो प्रवाशांनी तास न् तास, काहींनी पूर्ण रात्र अडकून काढली. अशा एखाद्या दिवशी पाच-सहा तास लघवी रोखावी लागली तर निरोगी मूत्राशय फुटत नाही, मूत्रपिंडही निकामी होत नाही. त्रास होतो, पुढे एखादा संसर्ग होऊ शकतो. नुकसान करते ती रोजची सवय.

ज्यांचे नियम वेगळे आहेत

हृदय कमजोर असलेले, मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले किंवा डायलिसिसवर असलेले यांनी वरचा सल्ला पाहून पाणी वाढवू नये. त्यांचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवलेलेच असते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि ती सकाळी घेतल्याने प्रवास नकोसा होत असेल तर गोळी स्वतःहून टाळू नका. वेळ बदलता येईल का ते विचारा, पुष्कळदा येते. मधुमेहात लघवी वारंवार होणे हे साखर वाढल्याचे लक्षण असू शकते, तिथे पाणी कमी करणे धोक्याचे आहे. पन्नाशीपुढच्या पुरुषांमध्ये पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, वाढून धार बारीक होते आणि मूत्राशय अर्धवट रिकामे राहते. अशांनी फार वेळ रोखल्यास, किंवा सर्दीच्या काही गोळ्या घेतल्यास, लघवी पूर्ण अडकू शकते. औषध दुकानातून सर्दीची गोळी घेताना हे सांगा. पाळी गेल्यानंतर योनिमार्ग कोरडा पडून संसर्ग वाढतात, त्यावर लावायचे औषध असते, संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. गरोदरपणात दाबून ठेवणे पूर्ण टाळा. त्या काळात लक्षणे नसतानाही लघवीत जंतू असू शकतात आणि तपासणी करून उपचार करावे लागतात.

डॉक्टरांकडे कधी जायचे

पाणी वाढवूनही जळजळ दोन दिवसांत थांबली नाही तर जा. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी जा, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असू शकतो. गर्भवती, मधुमेही, पुरुष आणि लहान मुले यांनी जळजळीसाठी दोन दिवसही थांबू नये. लघवीत रक्त दिसले आणि दुखत नसले, तरी तपासणी टाळू नका. न दुखता येणारे रक्त अधिक गांभीर्याने घ्यायचे असते. ओटीपोट फुगले आहे, प्रचंड घाई आहे आणि लघवी होतच नाही, तर थेट रुग्णालय गाठा.

लघवीची साधी तपासणी स्वस्त आहे. ती महापालिकेच्या रुग्णालयांतही होते : कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर. संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर कल्चर करून कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे पाहतात. नमुना पहिली गोळी घेण्याआधी द्या. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्या आणि ती तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवा. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या किंवा मैत्रिणीला लागू पडलेली गोळी घेऊ नका. आपल्याकडच्या ई. कोलायवर अनेक जुनी औषधे आता चालत नाहीत आणि अर्धवट डोसाने तो आणखी निर्ढावतो.

रोजच्या घरच्या तपासणीसाठी रंग पुरेसा आहे. दुपारची लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी ठीक चालले आहे. कोऱ्या चहासारखी किंवा मोहरीच्या तेलासारखी गडद असेल तर कमी पडते आहे. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असताना मात्र ती भडक पिवळी दिसते, तेव्हा रंगावर भिस्त ठेवू नका.